ब्रेकमधली हवा

नव्व्याण्णव साली सुरतेला, डिंडोलीतल्या घरासमोर योगेंद्र मोटारसायकलच्या ब्रेकमधली हवा काढत होता. उद्या बायकोला घेऊन पारोळ्याला जायचं होतं. जयश्री ब्रेक दाबायची, तो स्क्रू ढिला करायचा आणि तेलाबरोबर बुडबुडे नळीतून बाटलीत यायचे.

एक बुडबुडा फुटला.

“काय म्हणालात?” जयश्रीने विचारलं.

“मी कुठं काय बोललो? दाब.”

पुढचा फुटला, तेव्हा दोघांनीही ऐकलं. आवाज योगेंद्रचाच होता, लांबून आल्यासारखा. “जयू, घट्ट धर!”

त्याने घाईने स्क्रू आवळला. “राहू दे. उद्या बसनं जाऊ.”

जयश्रीला मात्र राहवेना. बाटलीच्या तळाशी अजून एक बुडबुडा अडकला होता. तिने बाटली हलवून कानाला लावली.

बुडबुडा वर येऊन फुटला. आवाज तिचाच होता.

“अहो, बसनं कशाला आलो आपण?”