अर्धा कोयता

"अजून वर! थांबली काहून?" मदनसिंग ओरडला.

गोमतीबाईची बोटं भिंतीवर कानाच्या उंचीला अडली होती. खांद्यात कळ होतीच, पण आता ती सोसण्यासारखी होती. तिनं मुद्दाम तोंड वाकडं केलं. "नाही होत! मारून टाकता का मले?"

मानोऱ्याच्या दवाखान्यातल्या मॅडमनं सांगितलं होतं, आधी खांदा शेका, मग भिंतीवर बोटं चालवत हात वर न्या, थोडं दुखलं म्हणून सोडून देऊ नका. नवऱ्यानं ते असं मनावर घेतलं की सकाळ-संध्याकाळ तिच्या मानगुटीवर बसलेला. हा पुळका कशासाठी, हे काय तिला कळत नव्हतं? दसरा होऊन गेला होता. आता मुकादम तांड्यावर येणार, ऊसतोडीच्या जोड्या ठरवणार. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये चढवायच्या, असा दोघांचा मिळून एक कोयता. मोळ्या वाहूनच तर हा खांदा कामातून गेला होता. आणि आता बरा करायचा तो पुन्हा मोळीखाली द्यायला! तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मेल्याला बायको नको, हमाल पाहिजे.

म्हणून ती त्याच्यासमोर हात कानाशीच अडवायची. तो बाहेर गेला की दार लोटून तोच हात पार पत्र्यापर्यंत न्यायची.

दुपारी मुकादम भाऊसिंग आलाच. ओट्यावर टेकत म्हणाला, "बाईचा हात झाला न बरा? पुरा कोयता धरू?"

गोमतीबाई तरातरा दारात आली. आज तांड्यादेखत दोघांचीही खरडपट्टी काढायची, असं ठरवूनच आली होती.

"आधा धरा," मदनसिंग म्हणाला. "मी एकटाच येतो."

"एकटा? ऊस तोडशीन कवा अन् मोळ्या वाहशीन कवा? मरशीन लेका!"

"मरीन तर मरीन. तिचा हात कानाच्या वर जात नाही. रोज पाहून राह्यलो मी."

भाऊसिंगनं संशयानं तिच्याकडे पाहिलं. "उचल पाहू, बाई."

तिनं हात उचलला आणि कानाशी थांबवला. राग कुठल्या कुठे गेला होता. भाऊसिंग पुटपुटत उठला, मोटरसायकलला किक मारली.

गाडी तांड्याबाहेर जाईपर्यंत मदनसिंग तिकडेच पाहत राहिला. मग वळून नेहमीसारखाच खेकसला, "गेला तो. आता माह्यासमोरबी पुरा वर कर हात."