ढिला सांधा

इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या नव्या फ्युएल रेलला जोडलेल्या पाईपातून पेट्रोलचा थेंब तापलेल्या एक्झॉस्टकडे ओघळताना अन्वरचाचांना दिसला. तो सांधा सकाळी त्यांनीच आवळला होता.

"देवयानी, गाडी बंद कर!"

स्टिअरिंगमागे बसलेल्या देवयानीला हेल्मेटच्या आत काहीच ऐकू गेलं नाही. शर्यतीआधीची चाचणी म्हणून तिने अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबला. पेट्रोलची बारीक धार सुटली.

चाचांनी धावत जाऊन गाडीतल्या इंधन पंपाचा फ्यूज उपटला. इंजिन आचके देत थांबलं.

"काय झालं, चाचा?" हेल्मेट काढत तिने विचारलं.

त्यांनी ओल्या पाईपाकडे बोट दाखवलं. "पोरी, माझ्याच हातून ढिला राहिला. दुसरा मिस्त्री बघ."

देवयानीचा चेहरा पांढराफटक पडला. ती म्हणाली, "तुम्हीच आवळा. गाडी मीच चालवणार."

पाना उचलताना चाचांना मघापेक्षा जास्त भीती वाटली.