विमान कुणाच्या शेतात?

भर पावसात इंजिन बंद पडलं आणि शिकाऊ पायलट पोरीचं छोटं विमान देवणीजवळच्या सोयाबीनमध्ये पोटावर घसरत आलं. थांबलं ते नेमकं किशनराव आणि त्यांचा धाकटा भाऊ रामलिंग यांच्या बांधावर, किशनरावांच्या बोअरपासून चार हातांवर. रामलिंगनं पोरीला सुखरूप बाहेर काढलं, त्याच्या बायकोनं, साखराबाईनं, तिला कोरडं लुगडं नेसवून चहा पाजला, आणि संध्याकाळपर्यंत दोघं नवरा-बायको सगळ्या चॅनलवर झळकले.

किशनरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात त्यांची बायको विमल म्हणाली, "समदं गाव त्यांच्या दारात हाय. आपल्याकडं कुत्रं बी फिरकंना."

सकाळी तहसीलदार पंचनाम्याला आले, तसे किशनराव कॅमेऱ्यासमोर जाऊन उभेच राहिले. "साहेब, त्याचं नाव लिवू नका. माझा बोअर हितं, म्हंजे शेत माझं अन् विमान बी माझ्याच शेतात पडलंय. मोजणी लावा!"

रामलिंगनं हात जोडले. "राहू द्या दादा. तुमच्याच शेतात पडलं म्हणा."

'बांध सरकलाय दादा' म्हणत बारा वर्षं मोजणीसाठी मागं लागलेला भाऊ आज मोजणी नको म्हणतोय! किशनरावांची खात्रीच पटली. त्यांनी अर्जावर झोकात सही ठोकली.



मोजणी झाली. विमान रामलिंगच्या शेतात निघालं, आणि बोअरसुद्धा.