आवाज आला की मणी

काचेपलीकडच्या बंद खोलीत सहा वर्षांची मुलगी कानांवर मोठाले हेडफोन लावून बसली होती. तपासणाऱ्या ताईंनी हातवारे करून तिला खेळ समजावला होता. आवाज आला की एक मणी डब्यात टाकायचा.

ताईंनी बटण दाबलं. मुलीनं मणी टाकला. पुन्हा दाबलं. पुन्हा मणी.

"बघ!" मुलीचा बाप, वकील, बायकोला म्हणाला. "उगाच जीव टांगणीला लावला होतास."

ताई मुलीकडे बघत होत्या आणि मुलगी बापाकडे. मशीनवरचा दिवा लागला की त्याच्या भुवया वर जायच्या. भुवया वर गेल्या की ती मणी टाकायची.

"साहेब, जरा भिंतीकडे तोंड करून बसता का?"

त्यानं खुर्ची फिरवली. आत मणी पडला की त्याची टकटक बाहेरच्या छोट्या स्पीकरवर यायची. आता तो तेवढ्यासाठीच कान देऊन बसला. मागे बटण दाबल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. पुन्हा बटण. काहीच नाही.

"तुम्ही नक्की दाबताय ना?" त्यानं भिंतीलाच विचारलं.

"दाबतेय, साहेब."

"केवढा आवाज आहे आता?" आईनं विचारलं.

"कानाशी ट्रकचा हॉर्न वाजावा तेवढा."

ताईंनी बटण सोडलं आणि फॉर्म पुढे ओढला. "आजार कुठला झाला होता?"

"गोवर," आई म्हणाली. "दोन महिने झाले. डोक्यात गेला."

"लस दिली होती?"

लशीवरच्या सभांमध्ये भल्याभल्या डॉक्टरांची बोलती बंद करणारा माणूस भिंतीतल्या एका खिळ्याकडे बघत राहिला.

"यांना विचारा," आई म्हणाली. "मी दोनदा दवाखान्याच्या दारापर्यंत नेली होती तिला."

"नाही दिली," तो म्हणाला.

ताईंनी तेवढंच लिहिलं.

"कानात मशीन घालून काही..."

"मशीन आवाज मोठा करतं, साहेब. मुळात थोडा तरी आत पोचायला हवा. पुढचं डॉक्टर सांगतील." त्यांनी टोपण लावलं. "पण आशा लावून बसू नका."

"माझं म्हणणं एवढंच होतं," तो म्हणाला, "की प्रश्न विचारायला काय हरकत आहे?"

आई उठून मुलीला आणायला आत गेली.

मुलगी खुशीत बाहेर आली. "मी जिंकले?" तिनं केवढ्यानं तरी विचारलं. आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तिला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं.

वकील दारातच थांबला. मुलगी त्याच्याकडे पाठ करून बसली होती, चार पावलांवर. त्यानं तिला हाक मारली. मग आणखी मोठ्यानं. मग छातीतला सगळा दम एकवटून.

पार जिन्यापर्यंत बसलेली माणसं वळून बघायला लागली. कुणाचं तरी तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. मुलीच्या बुटाचा बंद सुटला होता. जिभेचं टोक बाहेर काढून ती तो बांधत बसली होती.