४४१७ ची वाट

बापाच्या पाटावर बसून लॅपटॉप उघडायची मनीषची थेरं साखरबाईंना मुळीच खपत नव्हती. लॅपटॉप चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीतला सगळा पसारा काढून त्याने नुसती काळी पाटी उरवली होती, आणि आता सुरू होताना लॅपटॉप तीन दिवस एकाच ओळीवर अडत होता.

“४४१७ ची वाट बघतंय म्हणे. हा आकडा मी कुठंच लिहिला नाही, आई. सगळं पुसूनच टाकतो.”

साखरबाईंना अक्षरं लागत नव्हती, आकडे लागत. कुंभवलीच्या कारखान्यातला नवऱ्याचा टोकन नंबर होता तो. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

तीन वाजले. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि ती अडलेली ओळ हिरवी झाली: ४४१७ हजर.

साखरबाईंनी डोक्यावर पदर घेतला.

“काही पुसायचं नाही, मन्या. आणि पाटावरून ऊठ, ते आलेत.”