बिनफोनचा पिंजरा

मोबाईलमुळे उंदरांचे हार्मोन बिघडतात का, यावर माझी पीएचडी. एका पिंजऱ्याला सतत चालू असलेला फोन बांधला होता. दुसऱ्याच्या आसपास फोन न्यायला सक्त मनाई. तशी पाटीच माझ्या गाईड मॅडमनी स्वतःच्या हातानं लावलेली. सहा महिन्यांनी तपासलं, तर दोन्हीकडचे उंदीर सारखेच बिघडलेले.

"निष्काळजीपणाचा कळस आहे," म्हणत मॅडमनी मला फैलावर घेतलं आणि कॅमेऱ्याचं चित्रण लावायला सांगितलं. त्यात रोज दुपारी त्याच पाटीखाली खुर्ची टाकून तासभर फोनवर बोलताना मॅडमच दिसल्या.

त्या जराही ओशाळल्या नाहीत.



"मग बहिणीशी बोलायला काय फोन बांधलेल्या पिंजऱ्यापाशी बसू? तिथे रेडिएशन असतं."