मूकपटातली बडबड

आत्याला दहाव्या वर्षापासून ऐकू येत नाही; समोरच्याचे ओठ वाचून तिचं छान चालतं. पण जेवायला सगळं घर एकत्र बसलं की दहा तोंडं एकदम सुटतात. मग सगळे खो-खो हसतात, आत्या विचारते, "काय झालं?" आणि भाची घास गिळत म्हणते, "काही नाही गं, नंतर सांगते."

भाची जुन्या चित्रपटांच्या संग्रहालयात कामाला. मूकपटांचे मिनिटभराचे तुकडे ती इंटरनेटवर टाकायची, पण कुत्रं विचारत नव्हतं. त्या दिवशी तिने नायिकेच्या मरणाचा प्रसंग टाकला, वर रडकं व्हायोलिन लावलं. आत्याने तो पाहिला आणि हसता हसता पोटच धरलं.

"अगं, ती प्राण सोडताना म्हणतेय, 'मेल्या, माझ्या केसांवरचं कोपर काढ!' आणि तो ढसाढसा रडत म्हणतोय, 'आधी मर, मग काढतो!'"

भाचीने हे शब्द व्हिडिओखाली लिहिले मात्र, संध्याकाळपर्यंत पाच लाख लोक हसून लोळले.

दुसऱ्या दिवशी ताटं वाढून तशीच राहिली. अख्खं घर नव्या तुकड्यावर वाकलं होतं. पडद्यावर राजा सेनापतीला हात नाचवून काहीतरी सुनावत होता. आत्या आधी खुदकन हसली, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटली.

भाचीने तिला गदागदा हलवलं. "आत्या, काय झालं? काय म्हणाला राजा?"

आत्याने डोळे पुसले, ताट पुढे ओढलं आणि निवांत एक घास घेतला.

"काही नाही गं," ती म्हणाली. "नंतर सांगते."